फुटेजच नसलेल्या खेळाडूंच्या फिल्म: नीग्रो लीगवरच्या डॉक्युमेंटरी कुठून बघायच्या आणि किती खऱ्या मानायच्या

प्रश्न असा आहे की अमेरिकेत कृष्णवर्णीय बेसबॉल खेळाडूंना मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेत नव्हते आणि ते आपल्या वेगळ्या नीग्रो लीगमध्ये खेळायचे, त्या काळावरच्या एक-दोन डॉक्युमेंटरी बघितल्या, पहिली खूप आवडली, दुसरीत मात्र तेच फोटो, तेच किस्से आणि शेवटी तोच जॅकी रॉबिन्सन (१९४७ ला मेजर लीगचं ते बंद दार उघडून आत आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू), तर नक्की कुठल्या बघाव्यात आणि त्यातलं खरं किती धरायचं. मी बरीच वर्षं डॉक्युमेंटरींसाठी आर्काइव्ह शोधायचं आणि एडिटिंगचं काम करतेय, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ते "तेच फोटो"चं. तेच दिसतात कारण मुळात आहेतच फार थोडे. गोऱ्यांच्या मेजर लीगचा स्टार बेब रूथ नुसता टोपी काढून हसला तरी त्याचं रीळ सापडतं, आणि नीग्रो लीगचा जॉश गिब्सन, ज्याला तेव्हाचे लोक सगळ्यात ताकदवान बॅटर म्हणायचे, त्याची बॅट फिरतानाची हलती चित्रं म्हणजे काही सेकंदांचे तुकडे. कारण सरळ आहे. १९२०-३० च्या काळात थिएटरमध्ये सिनेमाआधी ज्या न्यूजरील दाखवायचे त्या बनवणाऱ्या कंपन्या गोऱ्यांच्या, बघणारा प्रेक्षक गोरा धरलेला, मग कॅमेरामन कृष्णवर्णीयांच्या मॅचला पाठवणार कोण? गोऱ्यांच्या मालकीचे रोजचे पेपर बऱ्याचदा स्कोअरही छापत नसत. त्यात तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी. १९७८ साली मेरीलँडमधल्या सूटलंडला नॅशनल आर्काइव्ह्जच्या गोदामाला आग लागली आणि युनिव्हर्सल न्यूजरीलचं १ कोटी २६ लाख फूट फुटेज एका दिवसात जळालं. आमच्या धंद्यात ती तारीख अजून हळहळत सांगतात.

म्हणून या विषयावरची कुठलीही फिल्म बघताना मी एकच गोष्ट बघते, चित्र नाही तिथे दिग्दर्शकाने काय ठेवलंय. कुणाचा आवाज ठेवलाय, कुठला फोटो किती वेळ धरलाय, दंतकथा आली तर ती दंतकथा आहे हे कळू दिलंय का, आणि १९४७ साल आलं की फिल्म थांबते की पुढे जाते. या चार गोष्टी बघितल्या की फिल्म किती पाण्यात आहे ते अर्ध्या तासात कळतं.

इतिहास ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी भरभर सांगते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) टोलीडोच्या टीमकडून मेजर लीगमध्ये खेळला होता, म्हणजे दार सुरुवातीपासून बंद नव्हतं, ते मुद्दाम बंद केलं गेलं. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या मेजरच्या खालच्या लीगच्या मालकांनी नवे कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचे नाहीत असं मतदान करून ठरवलं, आणि मेजर लीगमध्ये तर लेखी नियमसुद्धा केला नाही, सगळ्यांनी आपसात समजून घेतलं आणि साठ वर्षं पाळलं. मग रूब फॉस्टर, जो स्वतः जबरदस्त पिचर (चेंडू टाकणारा) आणि शिकागो अमेरिकन जायंट्सचा मालक-मॅनेजर, त्याने १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीच्या पॅसेओ वायएमसीएमध्ये बाकीच्या मालकांना बोलावून नीग्रो नॅशनल लीग उभी केली. एक वर्ष आधीच शिकागोत मोठी वांशिक दंगल झाली होती, ते लक्षात ठेवून ही तारीख वाचा म्हणजे त्या माणसाची हिंमत कळेल. फॉस्टर १९३० ला मनोरुग्णालयात वारला, पाठोपाठ मंदीत त्याची लीग बुडाली, मग १९३३ ला पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीने दुसरी नॅशनल लीग सुरू केली, ज्याचा पैसा आकड्याच्या धंद्यातून यायचा (आपल्याकडच्या मटक्यासारखाच प्रकार) आणि ज्याने त्याआधी स्वतःच्या टीमसाठी स्वतःचं स्टेडियम बांधलं होतं. बहुतेक फिल्म हा भाग पाच मिनिटांत उरकतात आणि मला ते खटकतं, कारण ग्रीनलीसारखा माणूस समजला तरच कळतं की बँक जिथे कृष्णवर्णीय धंद्याला कर्ज देत नव्हती तिथे लीगसाठी भांडवल येणार कुठून.

आता फोटो. चांगल्या फिल्ममधले बरेच पिट्सबर्गचे फोटो चार्ल्स "टीनी" हॅरिसचे असतात. हा पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीय साप्ताहिकाचा फोटोग्राफर, त्याच्या जवळजवळ ८० हजार निगेटिव्ह आता पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडे आहेत. हे फोटो ओळखायचे कसे, तर त्यात खेळाडू नुसते पोझ देऊन उभे नसतात, आजूबाजूला गाव असतं, क्लब, न्हाव्याचं दुकान, चर्चला निघालेल्या बायका, हॉटेलच्या दारातली गर्दी. खेळाडू त्या वस्तीतला माणूस म्हणून दिसतो. हे वृत्तपत्रवाले नसते तर आज फिल्म बनवायला काही उरलंच नसतं, कुरियरचा वेन्डेल स्मिथ, बाल्टिमोरच्या आफ्रो-अमेरिकनचा सॅम लेसी, शिकागो डिफेंडर. माझ्या मते यांच्यावर एक अख्खी वेगळी फिल्म व्हायला हवी, कारण मेजर लीगचं दार उघडावं म्हणून वर्षानुवर्षं लिहीत राहिले ते हे लोक, आणि फिल्ममध्ये ते एका फोटोत येऊन जातात.

हलतं फुटेज सापडतं ते बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचं. ओक्लाहोमात सॉलोमन सर जोन्स नावाच्या एका पाद्र्याने १९२४ ते १९२८ मध्ये १६ एमएमवर कृष्णवर्णीय वस्त्यांचं रोजचं जगणं टिपून ठेवलं, अशी २९ मूक रिळं येल विद्यापीठाकडे आहेत. अशा रिळांतूनच कळतं की रविवारी मॅचला जाताना लोक कसे ठेवणीतले कपडे घालून निघायचे, रस्ते कसे होते, गाड्या कशा होत्या. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते, १९२० च्या लीगची गोष्ट चालू असते आणि पडद्यावर १९४० च्या दशकातलं फुटेज चाललेलं असतं, हे सर्रास होतं, आणि खाली साल लिहिलेलं नसतं. मैदानावर विजेच्या दिव्यांचे खांब दिसले की थांबा, कारण रात्रीच्या मॅचसाठी फिरते दिवे ट्रकवर लादून गावोगावी नेणं हे कॅन्सस सिटी मोनार्क्स या नीग्रो लीगच्या टीमचा मालक विल्किन्सन याने १९३० मध्ये सुरू केलं, मेजर लीगमधली पहिली रात्रीची मॅच तर १९३५ ची. म्हणजे दिवे असतील तर ते फुटेज फॉस्टरच्या उमेदीच्या काळातलं असूच शकत नाही.

बरं, आता कुठल्या फिल्म.

माझा सल्ला, जुन्यापासून सुरुवात करा, भले त्यांचं चित्र अंधुक असेल आणि आवाज खरखरत असेल. १९८० ची "ओन्ली द बॉल वॉज व्हाइट", अर्ध्या तासाच्या आसपासची, शिकागोच्या पब्लिक टेलिव्हिजनची, रॉबर्ट पीटरसनच्या १९७० च्या त्याच नावाच्या पुस्तकावरून केलेली, निवेदन पॉल विनफील्डचं. आणि क्रेग डेव्हिडसनची "देअर वॉज ऑलवेज सन शायनिंग समप्लेस", ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, जिचं निवेदन जेम्स अर्ल जोन्सचं आहे (याच जोन्सने १९७६ च्या बिंगो लाँग या कथापटात अशाच एका लीगमधला कॅचर रंगवला होता, तो कथापट मजेचा आहे पण त्यातून इतिहास शिकू नका). या दोन्हींचं मोल काय, तर तेव्हा त्या लीगमधली माणसं जिवंत होती. टीमच्या मालकीण एफा मॅन्ली १९८१ ला गेल्या, नीग्रो लीगचा सगळ्यात गाजलेला पिचर सॅचेल पेज १९८२ ला, आणि बाकीचे खेळाडू, ज्युडी जॉन्सन १९८९, कूल पापा बेल १९९१, बक लेनर्ड १९९७. त्यानंतर कितीही पैसा ओता, कितीही भारी कॅमेरा आणा, ते बोलणं परत मिळत नाही. डेव्हिडसनच्या फिल्ममध्ये म्हातारी माणसं आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसून बोलतात, मध्येच थांबतात, मित्राचं नाव आठवत नाही म्हणून चुकचुकतात, आणि एडिटरने ते थांबणं कापलेलं नाही. मी नवीन मुलांना एडिटिंग शिकवताना हे आवर्जून दाखवते, की बसमध्ये झोपून पाचशे मैल गेलो, हॉटेलात खोली मिळाली नाही, हे सांगताना माणूस हसतोय आणि मग गप्प होतोय, त्या गप्प होण्यात सगळं आहे, तिथे संगीत टाकायचं नाही.

मग केन बर्न्सची "बेसबॉल", १९९४, पीबीएसवरची, अठरा तासांहून लांब, नऊ भागांची, भागांना इनिंग म्हटलंय. सगळी बघायला वेळ नसेल तर पाचवी इनिंग "शॅडो बॉल" आणि सहावी बघा. शॅडो बॉल म्हणजे मॅचआधी खेळाडू चेंडूशिवाय सराव करायचे, फेकल्यासारखं, झेलल्यासारखं, उडी मारून पकडल्यासारखं, इतकं हुबेहूब की लोकांना चेंडू आहे असंच वाटायचं. योगायोग असा झाला की ती मालिका आली त्या सप्टेंबरमध्ये खेळाडूंचा संप चालू होता, ऑगस्टपासून मेजर लीगच्या मॅच बंद, वर्ल्ड सीरिज, म्हणजे वर्षाच्या शेवटची विजेतेपदाची मालिकासुद्धा झाली नाही, आणि बेसबॉलला आसुसलेल्या घराघरात बक ओनील नावाचे ऐंशी पार केलेले गृहस्थ येऊन बसले. मोनार्क्सचे जुने फर्स्ट बेसमन आणि मॅनेजर. त्या मालिकेआधी त्यांना बेसबॉलबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, नंतर अख्खा देश ओळखायला लागला.

ओनील ऐकण्यासारखे का आहेत ते सांगते. ते सांगतात की लहानपणी एकदा मैदानाबाहेर असताना बॅटचा एक वेगळाच आवाज कानावर आला, बघितलं तर बेब रूथ. बऱ्याच वर्षांनी तोच आवाज परत आला, धावत जाऊन बघितलं तर जॉश गिब्सन. आणि मग कित्येक दशकांनी तिसऱ्यांदा, तेव्हा अलीकडचा खेळाडू बो जॅक्सन. आता विचार करा, गिब्सनचं फुटेज नाही, पण हा माणूस त्याचा आवाज तुमच्या कानात ठेवून जातो. आणि दुसरी आठवण, जी मी कितीदाही ऐकली तरी गळा दाटतो, चार्ल्सटनजवळच्या ड्रम आयलंडवर, जिथे गुलामांचे लिलाव व्हायचे, तिथे सॅचेल पेज त्यांना घेऊन गेला, दोघं बराच वेळ नुसते उभे राहिले, मग पेज म्हणाला की मी इथे पूर्वी येऊन गेलोय असं वाटतंय, आणि ओनील म्हणाले मलाही. जगभर विनोदवीर म्हणून रंगवलेला पेज या एका आठवणीत वेगळाच दिसतो. स्वतःबद्दल मात्र ओनील कधी रडत नाहीत, आपण फार लवकर जन्मलो, मेजर लीग हुकली, याचं वाईट वाटून घ्यायला ते तयार नव्हते, आपण बरोबर वेळेलाच आलो असं ठासून सांगायचे. २००६ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी, जिथे निवडून घेणं हा बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान, खास समिती बसली, नीग्रो लीग आणि त्याआधीच्या काळातले १७ जण निवडले, त्यात ओनील नव्हते. तरी ९४ व्या वर्षी ते कूपर्सटाउनला गेले, त्या सतरा जणांच्या वतीने बोलले, सगळ्यांना हात धरून गायला लावलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांचा समावेश झाला २०२२ मध्ये. त्या दिवशीचं भाषण शोधून नक्की बघा, कुठल्याही फिल्मपेक्षा कमी नाही.

बर्न्सबद्दल माझी तक्रारही आहे. त्याची पद्धत म्हणजे स्टिल फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकतो, खाली प्रेक्षकांचा कल्लोळ, बॅटचा ठोका, पियानो. ते इतकं छान जमतं की आपण फुटेजच बघितलं असं वाटतं, आणि माझा आक्षेप तिथेच आहे, कारण चित्र का नाही हा प्रश्नच प्रेक्षकाच्या मनात येत नाही. आणि गोड आठवणींचा सूर थोडा जास्त लागतो. पण या माणसाचं एक कौतुक करायलाच हवं. रॉबिन्सनच्या पहिल्या वर्षी, १९४७ ला, सिनसिनाटीत प्रेक्षक शिव्या देत होते तेव्हा टीममधला दक्षिणेतला गोरा खेळाडू पी वी रीस त्याच्याजवळ गेला आणि सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकला, ही गोष्ट अमेरिकेत शाळकरी मुलांनाही माहीत आहे, ब्रुकलिनमध्ये २००५ पासून तिचा पुतळा आहे, आणि १९९४ च्या मालिकेतही ती होती. तेव्हाच्या पेपरांत मात्र, कृष्णवर्णीय पेपरांतसुद्धा, तिचा मागमूस नाही, आणि असं काही घडलं असतं तर त्या पेपरांनी ते पहिल्या पानावर घेतलं असतं. २०१६ मध्ये बर्न्स, त्याची मुलगी सारा बर्न्स आणि डेव्हिड मॅकमहन यांनी "जॅकी रॉबिन्सन" ही चार तासांची फिल्म केली, त्यात ही गोष्ट दंतकथा म्हणून बाजूला काढली, आणि बर्न्सने जाहीरपणेही सांगितलं. स्वतःच्याच गाजलेल्या कामातली गोष्ट अशी मागे घेणारे दिग्दर्शक मी फार कमी बघितलेत.

याच्या शेजारी दुसरा फोटो ठेवा. लॅरी डोबी, अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, रॉबिन्सननंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, ५ जुलै १९४७ ला क्लीव्हलंडकडून उतरला. १९४८ च्या वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या मॅचमध्ये त्याच्या होम रनने (चेंडू मैदानाबाहेर मारणं, आपल्या सिक्सरसारखं) टीम जिंकली आणि नंतर तो आणि गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेक गालाला गाल लावून, मिठी मारून, खळखळून हसतायत, असा फोटो देशभर छापला गेला. ही मिठी खरी, तारखेसकट, पुराव्यासकट. तरी पुतळा त्या दुसऱ्या मिठीचा आणि ही मिठी माहीत आहे जाणकारांना. डोबीवर २००७ ची "प्राइड अगेन्स्ट प्रेज्युडिस" आहे, लुई गॉसेट ज्युनियरच्या आवाजात, ती जरूर बघा, कारण दुसरा आलेल्या माणसाने तेवढंच सोसलं आणि प्रकाश मात्र पहिल्यावरच राहिला.

२०१६ ची रॉबिन्सन फिल्म मला आणखी एका कारणासाठी आवडते, ती १९४७ वर थांबत नाही. १९४४ मध्ये सैन्यात असताना बसमध्ये मागे बसायला नकार दिला म्हणून कोर्ट मार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला, ते येतं, खेळ संपल्यावरचं राजकारण येतं, १९६० ला निक्सनला पाठिंबा दिला म्हणून स्वतःच्याच लोकांचा रोष घेतला ते येतं, आणि त्याची बायको रेचल रॉबिन्सन स्वतः बोलतात. त्यांच्या बोलण्यात जो नेमकेपणा आहे तो बाकी दहा इतिहासकार मिळूनही येत नाही.

किस्से खरे किती? कूल पापा बेल इतका चपळ की बटण दाबून दिवा मालवला की खोलीत अंधार व्हायच्या आत अंथरुणात, हे पेज सांगत फिरायचा. नंतर बेलनेच सांगितलं की त्या हॉटेलचं बटण बिघडलेलं होतं, दिवा जरा उशिरा जायचा, आणि त्याने त्यावर पेजला बनवलं होतं. म्हणजे किस्सा खोटा नाही, फक्त त्यातली मेख वेगळी आहे. चांगली फिल्म दोन्ही सांगते. गिब्सनच्या हॉल ऑफ फेमच्या पाटीवर "जवळजवळ ८००" होम रन लिहिलंय, आणि लीगच्या नोंद झालेल्या मॅचमधले त्याचे होम रन दोनशेच्या आत आहेत. यात कुणी खोटं बोललेलं नाही, लीगच्या मॅच वर्षाला साधारण साठ-सत्तर, बाकी सगळा वेळ टीम गावोगाव फिरून स्थानिक टीमशी, कारखान्यांच्या टीमशी, हिवाळ्यात गोऱ्या मेजर लीगवाल्यांशीसुद्धा खेळायच्या, पोट त्यावरच चालायचं, आणि ते होम रन मोजले कुणी, लिहिले कुणी?

आकड्यांबाबत नवीन फिल्म आणि जुन्या फिल्म यांच्यात फरक दिसेल त्याचं कारण हे. १६ डिसेंबर २०२० ला मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीग या मेजर लीगच मानल्या जातील, जवळजवळ ३४०० खेळाडू एका दिवसात मेजर लीगर झाले, बहुतेक सगळे तोपर्यंत वारलेले. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले आणि गिब्सनची कारकिर्दीची बॅटिंग सरासरी .३७२ धरली गेली, आधी पहिला असलेल्या टाय कॉबच्या .३६७ च्या वर, म्हणजे तो सर्वकाळातला पहिला. हे आकडे आले कुठून तर सीमहेड्ससारख्या प्रकल्पांत लोकांनी वर्षानुवर्षं जुन्या पेपरांच्या मायक्रोफिल्म वाचून एकेक स्कोअर गोळा केला, आणि तरी साधारण पाऊण भागच मिळालाय. त्यामुळे २०२० आधीची फिल्म बघताना त्यातले आकडे सोडून द्या, माणसं धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९४७ नंतर काय झालं? बहुतेक फिल्म १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रॉबिन्सन उतरतो तिथे डोळ्यांत पाणी आणून संपतात, आणि जॉश गिब्सन त्याच वर्षी २० जानेवारीला, पस्तिसाव्या वर्षी, तीन महिनेसुद्धा आधी नाही, वारला हे सांगून अजून थोडं पाणी आणतात. पण ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने रॉबिन्सनला कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून घेतलं तेव्हा मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही, त्या करारांना तो करारच मानत नव्हता. न्यूअर्क ईगल्सच्या एफा मॅन्ली यांनी त्यांचा पिचर डॉन न्यूकम असाच गेल्यावर आवाज उठवला, आणि मग डोबीसाठी क्लीव्हलंडच्या बिल व्हेककडून १५ हजार डॉलर मिळवले, मॉन्टी अर्विनसाठी न्यूयॉर्क जायंट्सकडून ५ हजार. गोरा खेळाडू असता तर किंमत कितीतरी पट आली असती हे त्यांनाही माहीत होतं. प्रेक्षक तर गेलेच. न्यूअर्क ईगल्सने १९४६ ची नीग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली त्या वर्षी त्यांच्या मॅचना सुमारे १ लाख २० हजार लोक आले, १९४७ ला ५७ हजार, १९४८ ला ३५ हजार. हडसन नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये रॉबिन्सन खेळत होता, लोक तिकडे गेले, त्यांना दोष कसा देणार. पण १९४८ नंतर नीग्रो नॅशनल लीग बंद पडली, आणि तिच्याबरोबर मालक, मॅनेजर, तिकीटवाले, बसचे ड्रायव्हर, अंपायर, खानावळी, हॉटेलं, सगळी साखळी गेली. मेजर लीगने खेळाडू घेतले, त्यातलेही मोजकेच तरुण, मॅनेजर घेतले नाहीत, मालक तर नाहीच. बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ ला घेतला, बारा वर्षांनी! दार उघडणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल दुमत नाही, पण त्याची किंमत कुणी भरली हे जी फिल्म सांगत नाही ती अर्धीच गोष्ट सांगते असं माझं ठाम मत आहे.

म्हणून २०२३ ची सॅम पोलार्डची "द लीग" मी सगळ्यांना बघायला सांगते. पोलार्ड मुळात एडिटर, स्पाइक लीच्या फिल्म कापलेला माणूस, "एमएलके-एफबीआय" या डॉक्युमेंटरीचा दिग्दर्शक. ही फिल्म अंपायर बॉब मोटली यांच्या आठवणींच्या धाग्यावर उभी आहे, आणि ही निवड फार हुशारीची आहे, कारण अंपायर दोन्ही टीमचा नसतो पण प्रत्येक चेंडूला हजर असतो. मोटली २०१७ ला गेले, त्यांच्या मुलाने तो ठेवा पुढे नेला. या फिल्ममध्ये फॉस्टर आणि ग्रीनली धंदा उभा करणारे म्हणून दिसतात, एफा मॅन्ली नुसती "मालकाची बायको" म्हणून येत नाही, आणि लीग का बुडाली ते आडपडदा न ठेवता सांगितलंय. तिचा वेग जास्त आहे, दीड-पावणेदोन तासांत तीस वर्षं, काही ठिकाणी वाटतं की जरा थांबा, या फोटोकडे बघू द्या. तरी एकच बघणार असाल तर हीच.

बायकांबद्दल सांगायचं तर १९५३ पासून टोनी स्टोन, मग मेमी "पीनट" जॉन्सन आणि कॉनी मॉर्गन पुरुषांच्या टीममधून खेळल्या. गोऱ्या बायकांच्या लीगने कृष्णवर्णीय बायकांना घेतलं नाही आणि इकडे नीग्रो लीगला प्रेक्षक हवे होते, अशा दोन बंद दारांच्या फटीतून या तिघी आल्या. लॉरेन मायरची "द अदर बॉइज ऑफ समर", निवेदन सिसली टायसनचं, तिच्यात मेमी जॉन्सन स्वतः बोलतात, तेवढ्यासाठी तरी बघा. एफा मॅन्ली २००६ ला हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, तिथे निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या आणि आजवर एकमेव बाई.

लॅटिन अमेरिकेची बाजू सगळ्याच फिल्ममध्ये कच्ची आहे. क्यूबा, मेक्सिको, पोर्टो रिको, डॉमिनिकन रिपब्लिकला हे खेळाडू दर हिवाळ्यात जायचे, तिथे गोऱ्यांच्या हॉटेलात राहायचे, कुठल्याही हॉटेलात जेवायचे. १९३७ ला तर डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या टीमसाठी पेज, गिब्सन, बेल सगळे सीझन अर्धा सोडून तिकडे गेले. यावर फिल्ममध्ये एक बंदूकधारी सैनिकांचा मजेदार किस्सा येतो आणि विषय संपतो, पण माणसाला दुसऱ्या देशात गेल्यावर साधं माणूस म्हणून वागवलं गेलं, आणि मग घरी परत आल्यावर बसची मागची सीट, हे त्याच्या मनात काय करत असेल, यावर कुणीतरी नीट फिल्म करायला हवी.

आणखी एक, ही डॉक्युमेंटरी नव्हे पण सोडू नका. २० जून २०२४ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या जुन्या रिकवूड फील्डवर मेजर लीगची मॅच ठेवली होती, याच मैदानावर पुढे मेजर लीगचा मोठा स्टार झालेला विली मेज किशोरवयात नीग्रो लीगच्या ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता, आणि दोनच दिवस आधी तो वारला. त्या दिवशी टीव्हीच्या थेट कार्यक्रमात मेजर लीगचा जुना स्टार रेजी जॅक्सनला विचारलं, इथे परत येऊन कसं वाटतंय, अपेक्षा होती गोड उत्तराची. त्याने १९६७ मध्ये याच शहरात खेळताना हॉटेल-रेस्टॉरंटांतून कसं हाकललं जायचं ते, वापरले गेलेले शब्द जसेच्या तसे उच्चारून, न थांबता सांगितलं, आणि कुणी त्याला अडवलं नाही. रॉबिन्सननंतर वीस वर्षांनी ही परिस्थिती! ती क्लिप आधी बघा आणि मग गोड शेवट असलेली कुठलीही फिल्म बघा.

क्रम लावायचा तर आधी "द लीग", मग डेव्हिडसनची जुनी, मग बर्न्सची पाचवी इनिंग, मग डोबी, शेवटी २०१६ ची रॉबिन्सन. जुन्या फिल्म अमेरिकेत सार्वजनिक लायब्ररीत विचारा, डीव्हीडी किंवा व्हीएचएस निघते, लायब्ररीवाले दुसऱ्या गावाहून मागवूनही देतात. न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांनी पॅटरसनला ग्रेट फॉल्स धबधबा बघायला जाल तेव्हा शेजारचं हिंचलिफ स्टेडियम चुकवू नका. १९३२ चं बांधकाम, न्यूयॉर्क ब्लॅक यांकीजचं मैदान, लॅरी डोबी याच गावात वाढला आणि १९४२ ला न्यूअर्क ईगल्ससाठी त्याची चाचणी इथेच झाली. नीग्रो लीगची जी मोजकी मैदानं अजून उभी आहेत त्यातलं हे एक, १९९७ पासून बंद पडून मोडकळीला आलं होतं, २०२३ ला दुरुस्त करून उघडलं, आता तिथे परत बेसबॉल चालतो. आणि कॅन्सस सिटीला कधी गेलात तर नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमला अर्धा दिवस द्या, फॉस्टरने जिथे लीग स्थापन केली ती वायएमसीएची इमारत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.